चौथं उत्तर

“अहो मावशी, बादली ठेवा आणि जरा इकडे या.”

मी गेले. दारात थांबले. वर्ग चालू असताना उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, हे ठरलेलं होतं. हातात ओलं फडकं. आत पंचवीसेक माणसं बाकांवर, आणि एक बाई उभी. सुनंदा. दिंडोरीकडची. नवऱ्याला सातपूरच्या कारखान्यात काम लागलं म्हणून नाशिकला आलेली. मुलाला इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथल्या टीचरशी दोन वाक्यं बोलता यावीत, एवढ्यासाठी ती इंग्रजी शिकत होती.

सरांनी मला विचारलं, “‘पुट ऑफ’ म्हणजे?”

“पुढे ढकलणे.”

“‘पुट आऊट’?”

“विझवणे.”

“‘पुट अवे’?”

“जागच्या जागी ठेवून देणे.”

सर सुनंदाकडे वळले. “ऐकलंत? ही आमची फरशी पुसते. तुम्ही फी भरून बाकावर बसता. आता लाज कोणाला वाटायला हवी?”

वर्ग हसला.

सुनंदा म्हणाली, “मला नाय ऱ्हात लक्षात, सर.”

“‘नाय’! बाई, तुम्ही आधी मराठीचा क्लास लावा.”

वर्ग आणखी जोरात हसला. मीही हसले. हे आधीच लिहून टाकते. पुढचं सगळं त्या हसण्यामुळे लिहिते आहे.

साल १९९६. मी तेवीस वर्षांची होते. तेविसाव्या वर्षी मला सगळे मावशी म्हणत, माझ्याहून मोठे होते तेसुद्धा. फरशी पुसणाऱ्या बाईला वय नसतं. कॉलेज रोडला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तो क्लास होता. वर्गासमोर सर मला ‘अहो मावशी’ म्हणत. त्यांच्या खोलीत ‘ए, ऐक’. चहा मिळे. माझा कप खिडकीत वेगळा ठेवलेला, कान तुटलेला. तो मीच विसळायचा आणि मीच पालथा घालायचा.

मी सायखेड्याची. दहावीत इंग्रजीत दोनदा नापास. ऑक्टोबरच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणार होते. एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बाई हवी होती. अट एकच, दहावी पास. ती खिडकी मला हवी होती. दुसरं काही मी मागत नव्हते.

फळा पुसायचं काम माझं. एक बॅच सुटली की दुसरी यायच्या आत दहा मिनिटं मिळायची. मी आधी डावी बाजू पुसायची, तोवर उजवी वाचायची. मग लिहायची. क्लासची जाहिरातीची पत्रकं छापून आली होती. त्यातला एक गठ्ठा पावसात भिजला. सर म्हणाले, जाळून टाक. मी तो घरी नेऊन वाळवला. पुढच्या बाजूला ‘तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी’. मागची बाजू कोरी. एका पत्रकावर एक क्रियापद.

‘पुट’चं पत्रक सर्वांत भरलेलं होतं. एकटं असलं की साधं, ठेवणे. मागे एक बारका शब्द जोडला की काम बदलतं. फळ्यावर नुसता अर्थ असायचा. तो माझ्या डोक्यात टिकत नसे. म्हणून मी अर्थाशेजारी माझं काम लिहायची. पुट आऊट, स्टोव्ह. पुट ऑन, थंडीतला स्वेटर. पुट अवे, खिडकीतला कप. पुट अप, भाऊ सायखेड्याहून आला तेव्हा त्याला चार दिवस ठेवून घेतलं. पुट ऑफ, माझी परीक्षा, दरवर्षी. असं लिहिलं की विसरायला होत नसे.

सरांना हे कळलं आणि त्यांनी मला वर्गापुढे बोलवायला सुरुवात केली. कोणी अडकलं की हाक यायची. “मावशी!” मला ते कौतुक वाटलं. रोजच्या कामांच्या वहीत मी शेवटची ओळ लिहायची : आज विचारलं चार, बरोबर चार. नवऱ्याला वाचून दाखवायची. तो म्हणायचा, “सर मानतात तुला.” मलाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी क्लास सुटला तेव्हा मी जिना झाडत होते. सुनंदा चप्पल घालता घालता थांबली.

“ताई, तुम्ही लय हुशार हाय.”

क्लासमध्ये मला ताई म्हणणारी ती पहिली.

“तुमच्यावर राग नाय माझा,” ती म्हणाली. “पण घरी सासू बी असंच करती. शेजारणीचं नाव घेती आन् मला हानती. हितं तुमचं नाव घेत्यात. येवढाच फरक.”

ती खाली उतरून गेली. मी जिना अर्धा टाकून सरांच्या खोलीपाशी गेले. म्हटलं, “सर, परीक्षेला वीस दिवस आहेत. संध्याकाळच्या बॅचला मागच्या बाकावर बसू का? काम सगळं उरकून बसेन.”

सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“ए, ऐक. तू दारात उभी राहून सांगतेस, म्हणून त्यात गंमत आहे. बाकावर बसलीस की तूही त्यांच्यातलीच एक. मग तुला कोण बघणार?”

मी बाहेर आले. उरलेल्या पायऱ्या झाडल्या. हात झाडत होते आणि डोकं पहिल्यांदा नीट चाललं. माझं कौतुक कधी झालंच नव्हतं. मी काठी होते. माणसांना मारायला सरांनी मला दाराशी टेकवून ठेवलं होतं. आणि मार जोरात बसायला हवा, तर मी खालचीच राहायला हवी होते. फडकं हातात हवं होतं. कप खिडकीत हवा होता. मी वर आले की काठी मोडली.

दुसऱ्या दिवशी सुनंदा आली. आली याचंच मला आश्चर्य वाटलं. सरांनी तिलाच उभं केलं. ‘पुट अप’. तिला आठवेना. तिचे कान लाल झालेले मला दारातून दिसत होते.

“मावशी!”

मी दारात आले.

“सांगा यांना. ‘पुट अप’ म्हणजे?”

मी सुनंदाकडे बघितलं.

“विसरलात?”

“येतं. सांगणार नाही.”

सरांनी खडू खाली ठेवला.

“का बरं?”

“बाकावर बसून सांगेन.”

सरांनी स्वतःची खुर्ची ओढली. वाकून हात पुढे केला. “या मॅडम, इथेच बसा की!” वर्ग हसला. सुनंदा हसली नाही. मीही नाही. मी उंबरा ओलांडून फडकं त्यांच्या टेबलावर ठेवलं. ओलं होतं, त्यांच्या पुस्तकाला लागलं. लागू दे म्हटलं.

पिशवी घ्यायला गेले तर सर मागे आले. पिशवीतून पत्रकं बाहेर काढली. “ही क्लासची आहेत. चोरी करतेस?” ज्यांनी जाळायला सांगितलं होतं, तेच म्हणाले. माझं सहा महिन्यांचं अक्षर त्यांच्या हातात राहिलं. मी मागितलं. दिलं नाही.

घरी जाऊन वही उघडली. आठवून लिहायला बसले. स्टोव्हकडे बघितलं, पुट आऊट आलं. खुंटीवरचा स्वेटर बघितला, पुट ऑन आलं. जे माझ्या कामाशी जोडलं होतं ते सगळं परत आलं. नुसतं फळ्यावरून उतरवलेलं गेलं ते गेलंच. क्लासचा पगार बंद झाला होता. नवरा दोन दिवस बोलला नाही. परीक्षेपर्यंत धुण्याची दोन घरं केली आणि वही भरली.

इंग्रजीत अडतीस गुण पडले. पस्तीस लागत होते. ती खिडकी मला मिळाली.

अकरा वर्षांनी फोन आला. सरांचा मुलगा. क्लासच्या आता चार शाखा. रौप्यमहोत्सव होता.

“बाबांनी आवर्जून तुमचं नाव काढलंय, मॅडम. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. तुम्ही फक्त दोन मिनिटं बोलायचं. फरशी पुसता पुसता कसं शिकलात ते. मुलांना प्रेरणा मिळते. काय आहे, फी भरतात पण अभ्यास करत नाहीत हो.”

आवाज वेगळा, वाक्य तेच.

मी विचारलं, “सुनंदाला बोलावलंय का?”

“कोण सुनंदा?”

“माझी पत्रकं जपून ठेवलीत?”

“कसली पत्रकं?”

“येणार नाही,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवसाच्या कामांच्या यादीत हे नव्हतं. शेवटी ‘नाही म्हणणे’ असं लिहिलं आणि काम झालं म्हणून त्यावर रेघ मारली.

खिडकीसमोर अजून रोज रांग असते. कोणीतरी फॉर्मपाशी अडकतं. मागचा म्हणतो, “एवढंही येत नाही?” कधी माझ्याच हाताखालच्या मुली म्हणतात, “आमच्या मॅडम बघा, कुठून कुठे आल्या.” दोघांनाही मी तिथल्या तिथे गप्प करते. ज्याला येत नाही त्याला आत बोलावते, खुर्ची देते, मग सांगते. आधी खुर्ची. हा नियम मी मोडू देत नाही.

सुनंदा त्यानंतर क्लासला आली नाही, असं पुढे कळलं. मुलाच्या शाळेत ती कधी बोलली की नाही, मला माहीत नाही. तिला खाली पाडायला माझी तीन उत्तरं वापरली. ती मी दिली होती, हसून दिली होती. सरांच्या माथी मारून मी त्यातून सुटणार नाही.

चौथं दिलं नाही. देणार नाही.