जॉबरमामा आणि गप्प खोली

जॉबरमामांनी जन्मात दुसऱ्याच्या घड्याळावर विश्वास ठेवला नाही. स्टेशनवरच्या घड्याळाकडेही ते असे बघायचे, जणू ते रेल्वेवाल्यांना सामील आहे. माझ्या आईचे हे थोरले भाऊ आमच्याच गावच्या भवानी पेठेतल्या एका कारखान्यात जॉबर होते. म्हणजे यंत्रमाग अडला की तो चालू करून द्यायचा. मागावर त्यांचा भरवसा. बाकी सगळं जग आपल्याला फसवायला टपलंय, ही पक्की खात्री.

म्हणून तर मी डेमो रेकॉर्ड करायचं ठरवलं तेव्हा वडिलांनी त्यांनाच माझ्या मागं लावलं. पुण्यातल्या एका वाद्यवृंदाला गायिका हवी होती, त्यांनी दोन गाणी मागवली होती. पैसे माझ्या शिकवण्यांचे, तेही जेमतेम एका बैठकीपुरते. वडिलांनी बजावलं होतं, "एकदाच काय ते कर. नाही जमलं तर पेटी माळ्यावर."

स्टुडिओवाल्याला मामांनी दारातच धरलं. "तास कुटनं मोजता? दार उघडल्यापासनं का गळा उघडल्यापासनं?" मिक्सिंगचे वेगळे पडतील म्हटल्यावर त्यांचे डोळेच बारीक झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! बाहेर येताच त्यांनी माझ्या पैशांतला मोठा भाग काढून स्वतःच्या बंडीच्या आतल्या खिशात घातला. "कापड विणलं म्हंजे झालं व्हय? धुणं, घडी ऱ्हातीच की. हे मागनं लागतील." की-बोर्डवाला कटाप, बासरीवाला कटाप. उरला एक तबलजी.

"आन चुकायचं ते फुकटात चुकून घे," म्हणत त्यांनी तालमीला आम्हाला कारखान्यातच नेलं. त्या खडखडाटात! "हितं लय टिकली तर कुटंबी टिकंल." महिनाभर मी मागांच्या ठेक्यावर बोंबलत होते. कामगार खुदुखुदु हसायचे. पण टिकली बाई लय.

आणि स्टुडिओत? जाड दार लागलं, सगळं चिडीचूप झालं आणि माझी लय सुटली ती सुटलीच. तबलजी माझ्यामागं धावून घामाघूम. स्टुडिओवाला गोड आवाजात म्हणाला, "काळजी नको ताई, कॉम्प्युटरवर सरळ करू. त्याचे थोडे वेगळे होतील." मला तर पेटी माळ्यावर चढताना दिसायला लागली.

मामा ताडकन उठले. "बघ! म्हनूनच खोली एवढी गप्प ठेवलीया ह्यानी! मानूस चुकावा, तास वाढावा!"

त्यांनी थेट कारखान्यात फोन लावला. "ए, फोन मागाजवळ धर आन हलू नगंस." मग स्टुडिओवाल्याला, "हे ह्यांच्या कानात सोड. ह्याचे येगळे पैसे न्हाय." त्यानं मुकाट्यानं तो आवाज आमच्या हेडफोनला जोडला. खटक-खटक, खटक-खटक! माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही गाणी त्याच बैठकीत झाली आणि मिक्सिंगचे पैसे मामांच्या बंडीतून निघाले.

पुण्यानं मला बोलावलं. पुढं कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले आणि मामांनी अंथरूण धरलं. आमची शेवटची भेट झाली तेव्हा मी तो डेमो त्यांना ऐकवला. तोवर त्यांनी ऐकलाच नव्हता; फोनमधून लोक काय वाट्टेल ते ऐकवतात म्हणे. दोन्ही गाणी संपली तरी कपाळावरची आठी तशीच.

"आपले माग कुटं हायेत ह्यात? काडून घेतले न्हवं त्यानं? मी म्हनलं नव्हतं, चोर हाय त्यो!"

"मामा, ते गाण्यात नव्हतेच. माझ्या कानात होते."

त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. "आन आता?"

"आत्ताबी हायेत की."

"मग वाजवून दाव."

मी खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. मामा डोळे मिटून, भुवया ताणून ऐकत होते, कुठं चुकतेय का म्हणून. माझी बोटं थांबली.

"बंद करू नगंस," मामा म्हणाले.