अक्काच्या सायकलीचा लहान रोलर

अक्कानं आपल्या सायकलीला इंजिन बसवून मागितलं, त्या सकाळी फटफट मिस्त्रीच्या हातातला पाना सुटून पायावर पडला. चांगलंच लागलं, पण ते त्याला कळलं नंतर. कारण या बाईनं आजवर इंजिनांना फक्त नावं ठेवली होती. घराची पुढची खोली म्हणजे मिस्त्रीचं दुकान. तिथे तो लोकांच्या सायकलींवर तांब्याएवढी छोटी इंजिनं बसवायचा, आणि मागच्या खोलीतून अक्काचा आवाज यायचा, "धडधाकट पाय दिलेत ते काय नुसती मांडी घालायला?"

"तुला?" मिस्त्री म्हणाला. "इंजिन? तुला?"

"मलाच. आणि आजच."

अक्का त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्याला वाढवलं हिनंच. पुढे ती विधवा होऊन तान्ह्या मुलीसह परत आली, शाळेत शिपाई म्हणून राबून निवृत्त झाली. मिस्त्रीनं लग्नच केलं नाही, त्यामुळे संसार म्हणाल तर या भावा-बहिणीचाच. शाळेला सायकलवर जाताना हिनं कधी कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं. आता मात्र गुडघे सुजले होते आणि डोळे लाल होते. जुन्या मैत्रिणीकडे जाते म्हणून दोन दिवस गेली होती, ती आदल्या संध्याकाळी सायकल ढकलत, लंगडतच परतली होती.

"गुडघे का?" त्यानं विचारलं.

"गुडघेच," ती म्हणाली.

या इंजिनाची करामत साधी असते. ते मागच्या चाकावर बसतं आणि त्याचा खरखरीत रोलर थेट टायरवर टेकतो. रोलर फिरला की चाक फिरतं. मधे साखळी नाही, गिअर नाही. दांडा ओढला की इंजिन वर उचललं जातं आणि सायकल पुन्हा बिचारी सायकल होते. मिस्त्रीनं बघायचं ते इतकंच, की स्प्रिंगनं रोलर किती दाबायचा आणि रोलर केवढा घ्यायचा. कमी दाबला तर घसरतो, जास्त दाबला तर टायर खातो. मोठा रोलर सायकल पळवतो, लहान रोलर तिला रांगायला लावतो. गिऱ्हाइकाला पळायचंच असतं. म्हणून मिस्त्री सगळ्यांना मोठा रोलर बसवी, आणि लहान रोलर फळीवरच्या डब्यात धूळ खात पडत.

अक्कासाठी त्यानं तो डबा खाली काढला. या वयात पळून कुठे जायचंय हिला? बाजारापर्यंत रांगली तरी पुष्कळ. त्यानं सगळ्यात लहान रोलर लावला. ओल्या रस्त्यावर घसरायला नको म्हणून स्प्रिंगही कडक घातली. काम झाल्यावर त्यानं स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

"आता पडायचं म्हटलंस तरी पडणार नाहीस," तो म्हणाला.

"मला कुठे वेळ आहे पडायला," अक्का म्हणाली आणि दांडा सोडून निघालीसुद्धा.

पुढचे काही महिने तिचा मागचा टायर साबणासारखा झिजत राहिला. मिस्त्री हैराण. दुसऱ्यांदा टायर बदलताना तो म्हणाला, "इंजिन न उचलताच ब्रेक दाबतेस तू."

"दाबत असेन," अक्का म्हणाली.

तिथेच त्याला शंका यायला हवी होती. जन्मात कधी स्वतःची चूक कबूल न करणारी बाई, एका वाक्यात चूक पदरात घेऊन मोकळी झाली. पण माणसाला आपलं म्हणणं खरं ठरलं की पुढचं दिसत नाही, आणि मिस्त्रीला तर मुळातच कमी दिसायचं.

मग एका दुपारी दूधवाला आला. त्याच्या सायकलीला मिस्त्रीनंच मोठा रोलर बसवलेला. तो दारातच उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, मला अक्कांसारखं इंजिन बसवून द्या."

"अक्काचं? ते रांगतं रे."

"रांगतं? काल डोंगराच्या चढावर मी कॅन लावलेली सायकल ढकलत होतो, जीभ बाहेर आली होती. शेजारून अक्का गेल्या. पायडलसुद्धा मारत नव्हत्या. वर मला म्हणाल्या, दम खा जरा. आणि पलीकडे उतरल्यासुद्धा."

मिस्त्रीला आधी हसू आलं. मग 'पलीकडे' हा शब्द डोक्यात शिरला आणि तोंडचं पाणी पळालं.

डोंगरापलीकडे भाची राहत होती. अक्काची एकुलती एक मुलगी. तिच्या पहिल्या सायकलची सीट धरून मिस्त्री गल्लीभर धावला होता, कौतुक तर इतकं की लोक तिला त्याचीच मुलगी समजत. त्यानं शब्द देऊन ठरवलेलं लग्न मोडून तिनं पलीकडच्या एका शिवणकाम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. मिस्त्रीनं डोक्यात राख घालून घेतली. तिकडे कुणी जायचं नाही, आणि तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं त्यानं अक्काला सांगितलं. आठ-नऊ वर्षं झाली असतील. अक्कानं तेव्हा मान खाली घातली होती, आणि मिस्त्रीनं ती होकार म्हणून घेतली होती.

त्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि स्वतःची सायकल काढली. तिच्यावर गावातला सगळ्यात मोठा रोलर होता. सपाट रस्त्यावर ती वाऱ्यासारखी गेली. रस्ताभर तो एकच वाक्य घोटत होता. आज अक्काला स्पष्ट सांगायचं, तिकडची हो, नाहीतर इकडची.

चढ लागला तसं इंजिन घरघरलं, रोलर टायरवर नुसता घासला, जळक्या रबराचा वास आला आणि सगळं बंद पडलं. मिस्त्री उतरून ढकलू लागला. पहिल्याच वळणावर त्याचे गुडघे बोलायला लागले, आणि तिथेच त्याला उमगलं आपण काय करून बसलोय ते. सगळ्यात लहान रोलर, म्हणजे सगळ्यात जास्त ओढ. वर कडक स्प्रिंग, म्हणजे घसरायचं नाव नको. बहिणीला बाजारापुरतं बांधून ठेवायला म्हणून त्यानं तिला अशी सायकल दिली होती, की त्याच्या हातची दुसरी कुठलीच हा डोंगर चढली नसती. इतका शिकलेला धंदा, आणि स्वतःच्याच घरात असा आंधळेपणा. तो तिथे रस्त्यात तोंड उघडं टाकून उभा राहिला.

पलीकडे शिवणकामवाल्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. भिंतीला अक्काची सायकल टेकलेली होती. मागच्या अंगणात अक्का दोरीवर कपडे वाळत घालत होती, सगळे लहान मुलीचे. पायरीवर चारेक वर्षांची एक मुलगी डबाभर बटणं ओतून बसली होती. तिनं वर पाहिलं. भाचीचंच तोंड.

अक्का दचकली नाही. "आलास," एवढंच म्हणाली.

घोटलेलं वाक्य ऐन वेळी आठवेना. "बोलाव तिला बाहेर," तो म्हणाला.

"कुणाला?"

"तुला माहीत आहे." नाव त्यानं तेव्हाही घेतलं नाही.

अक्कानं हातातला फ्रॉक पिळला, झटकला. मग मुलीला म्हणाली, "जा ग, आतून चिमटे घेऊन ये." ती आत गेल्यावर म्हणाली, "ती नाही रे आता."

"कुठे गेलीय?"

"गेली म्हणजे गेली. तापानं. तू मला इंजिन बसवून दिलंस, त्याच्या दोन दिवस आधी."

मिस्त्रीला शब्द ऐकू आले, अर्थ लागेना. त्यानं दाराकडे पाहिलं, जणू भाची आतून येऊन हे सगळं खोटं ठरवणार होती. आतून फक्त शिवणयंत्राचा आवाज येत होता. त्याच्या मनात भलतंच आलं. या महिन्यांत अक्का रोज त्याच्यासमोर बसून जेवली होती, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून तो कुरकुरला होता. तिनं उठून मीठ आणून दिलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"कसं सांगणार? नाव काढायचं नव्हतं ना." अक्काच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "जावयानं शेजाऱ्याला निरोप देऊन पाठवलं, फार ताप आहे म्हणून. मागच्या दारानं आला तो. तू पुढे कुणाचं तरी इंजिन चालू करून बघत होतास, तुला कळलंसुद्धा नाही. दिवसाची एकच बस, ती सकाळीच गेलेली. सायकल चढावर ढकलवेना, ती वाटेत टाकली आणि चालत आले. बसत, उठत. पोचले तोवर आटोपलं होतं."

मिस्त्री पायरीवर बसला. त्याचं दुकान तेव्हा इंजिनांनी भरलेलं होतं. दोन तर फळीवर तयार होती, नुसती चाकावर चढवायची. मधे फक्त एक दार होतं.

"मागायचं होतंस ग," तो म्हणाला. "नुसतं म्हणायचं होतंस."

"दिलं असतंस?" अक्कानं विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. इतके महिने हा प्रश्न घेऊन ती डोंगर चढत-उतरत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

हो म्हणावं असं मिस्त्रीला फार वाटलं. ओठांवर आलंही. पण त्या दिवशी आपण कसे होतो, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"नसतं दिलं," तो म्हणाला.

अक्कानं मान हलवली. मग ओला फ्रॉक मांडीवर घेऊन ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि रडू लागली.