चार नंबरचा निळा दिवा

सलग नवव्या दिवशी ऊन म्हणून पडलं नाही. शिडीताईनं शिडी चार नंबरच्या खांबाला टेकवली आणि आधी आभाळाला, मग सुपरवायझरला आणि शेवटी स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घातल्या.

तिला सगळे शिडीताईच म्हणायचे. खांद्यावर शिडी नसलेली ती कुणी पाहिलीच नव्हती. मैदान मोठं होतं. पुढं कुठंतरी वीज न्यायची होती, त्यासाठी आणलेल्या तांब्याच्या तारेची रिळं इथं रांगेनं उभी होती. तारा इतक्या, की अख्ख्या तालुक्याला गुंडाळता येईल, पण मैदानात वीज मात्र नव्हती. म्हणून बारा खांब, बारा कॅमेरे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक पॅनेल आणि कमरेशी लोखंडी पेटीत बॅटरी. ऊन असलं की सगळं आपोआप चालायचं. ढग आले की चालवायला शिडीताई.

काम मूळचं तिच्या नवऱ्याचं. आठ महिन्यांपूर्वी याच चार नंबरच्या खांबावरून तो पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत जायचा, तिथून परत. काम हातचं जाऊ नये म्हणून ती चढली. त्यानं खाटेवरून शिकवलं. शिकवताना इतका ओरडायचा, की शेजारीणसुद्धा निम्मी वायरमन झाली.

दोन गोष्टी त्यानं तिच्या डोक्यात खिळ्यासारख्या ठोकल्या होत्या. एक, ढगाळ दिवसांत सूर्याच्या मागं धावायचं नाही. "सगळे पॅनेल दक्षिणेला तिरपं करून बसतात. अगं, सूर्य दिसतच नाही तर तिरपं कुणासाठी? आडवं टाक, उताणं. उजेड सगळ्या आभाळातून झिरपतो, तो घेऊ दे." दुसरी, कॅमेऱ्याला सारखं बघायचं नाही. बॅटरी किती टक्के ते फोनवर नुसतं यादीत दिसतं, त्याला काही बॅटरी लागत नाही. पण चित्र उघडलं की कॅमेरा जागा होतो, चित्र पाठवत बसतो आणि बॅटरी खातो. "काळजीनं बघणाराच कॅमेरा मारतो," असं तो म्हणायचा.

शिडीताईनं दोन्ही पाळलं होतं. बाराही पॅनेलं उताणी होती, फडक्यानं पुसलेली. तरी चार नंबर सतरावर आला होता. दहाला तो बंद पडतो.

जादा बॅटरी एकच. ती कालच पूर्ण भरून चार नंबरला घातली होती. इथून काढलेली रात्रीत भरून आज सकाळी नऊ नंबरला दिली, आणि नऊची रिकामी घरी चार्जरला लागलेली. ती उद्या सकाळी भरणार. म्हणजे आजची रात्र चार नंबरनं या सतरा टक्क्यांवर काढायची होती. बाकीचे कॅमेरे रात्रीत पाच-सहा टक्के खायचे. हा एकटा बकासुर दीड दिवसात ऐंशीवर टक्के गिळून बसला होता.

आणि नेमका हाच बंद पडून चालणार नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी असेच ढग आले होते. चार नंबर चाळीस मिनिटं आंधळा झाला आणि तेवढ्यात त्याच्या समोरचं रीळ गेलं. सुपरवायझरनं दोघांनाच उभं केलं होतं, वॉचमन काकांना आणि तिला.

"कॅमेरा कधी मरणार हे चोराला कसं कळलं, ताई?" आवाज न चढवता तो म्हणाला होता. "टक्के तर तुमच्याच फोनवर दिसतात."

काम गेलं असतं तर तिनं दुसरं शोधलं असतं. चोर म्हणून गेली असती तर या भागात कुणी काम दिलं नसतं. आज दुपारी सुपरवायझरचा पुन्हा निरोप आला होता, "चार नंबर आज रात्री गेला, तर सकाळी नवे लोक येतील. आणि मग मी पोलिसांत देतो."

ती चढली. पॅनेल पुन्हा पुसलं, नसलेली धूळसुद्धा पुसली. मग वायरचा सांधा बघावा म्हणून पहिल्यांदाच वाकून कॅमेऱ्याच्या खालच्या बाजूला नाक नेलं आणि थिजली.

भिंगाखाली निळा दिवा लागला होता. टाचणीच्या डोक्याएवढा. कुणीतरी फोनवर चित्र उघडलं की तो लागतो. खालून दिवसा तो दिसतसुद्धा नाही.

तिचा फोन तिच्या कमरेला होता, पडदा काळा. सुपरवायझर दिवसभर मीटिंगमध्ये. तिसऱ्या कुणाकडं हे चित्र असायचं कारण नव्हतं. नवऱ्याच्या फोनवर होतं, ते त्यानं तिच्यादेखत काढून टाकलं होतं.

मग कोण बघतंय?

तिला वाटलं, चोर बघतोय. रिळं मोजतोय, मला मोजतोय, आणि बघून बघून कॅमेरा मारतोय.

"काका!" ती वरूनच ओरडली. "तुमचा फोन कुठाय?"

वॉचमन काका शेडमधून बाहेर आले. "खिशात. का गं?"

"चित्र दिसतं त्यात?"

"चित्र? माझ्या फोनमध्ये बायकोचा आवाज नीट येत नाही, ते एक सुख आहे बघ. चित्र कुठलं?"

ती हसली नाही. हात उचलून तिनं सबंध तळवा भिंगावर दाबला. बघ म्हणावं आता.

दहा आकडे मोजायच्या आत कमरेचा फोन वाजला.

"अगं! ए! पडलीस का? काळोख कसा झाला एकदम? बोल ना काहीतरी!"

नवरा होता.

शिडीताईनं शिडी घट्ट धरली.

"तुम्ही बघताय?" ती म्हणाली.

"मी... तू चढतेस ना, तेवढंच."

"आत्ता चढलेय मी. काल दिवसभर नव्हते. काल रात्री तर तुमच्या शेजारी झोपले होते."

पलीकडं खाट करकरली.

"अहो, बोला."

"पुन्हा घातलं फोनमध्ये," तो म्हणाला. "तू पहिल्यांदा त्या खांबावर चढलीस त्या दिवशी. मग सवयच लागली. तू नसलीस तरी तो खांब दिसला की बरं वाटतं. उभा आहे, कुणी पडलेलं नाही. रात्री झोप लागत नाही, तेव्हाही बघतो."

"काळजीनं बघणाराच मारतो, हे कोण सांगायचं मला? खाटेवरून ओरडून ओरडून?"

"उन्हात काही होत नव्हतं गं. भरून निघत होतं." मग त्याचा आवाज बसला. "थांब. पंधरा दिवसांपूर्वी, ते रीळ गेलं त्या दिवशीही ढग होते."

"हो."

"तेव्हाही मीच..."

"हो," ती म्हणाली. "आणि चोर मी ठरले."

तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण शिडीच्या वरच्या पायरीवर भांडता येत नाही, तोल जातो. ती एकेक पायरी मोजत उतरली. जमिनीला पाय लागल्यावर म्हणाली, "उतरले. आता ते काढून टाका. आणि फोन शेजारणीकडं नेऊन द्या. सकाळी मी घराबाहेर पडेन तेव्हाच परत घ्यायचा."

"देतो. आधी एक फोन करतो."

"कुणाला?"

फोन कट झाला होता.

घरी पोचली तेव्हा तो वॉकरला धरून दारात उभा होता. फोन खरोखर शेजारणीकडं गेला होता. चेहरा झडती झाल्यासारखा. "साहेबांना सगळं सांगितलं," एवढंच बोलला. साहेब काय म्हणाले, ते तिनं विचारलं नाही.

झोपताना तिनं यादी पाहिली. चौदा. चित्रावर बोट न्यायचा मोह इतका झाला, की फोन उशाखाली घालून ती त्याच्यावर डोकं ठेवून पडली. शेजारी तोही टक्क जागा होता. पहाटे बारा. फटफटलं तेव्हा अकरा.

भरलेली बॅटरी पिशवीत घालून ती निघाली. मैदानात पोचली तर फाटकाशी सुपरवायझर, आणि त्याच्यासोबत चकचकीत घडीची शिडी घेतलेला एक अनोळखी माणूस. नवे लोक, तिच्या मनात आलं.

"किती आहे?" सुपरवायझरनं विचारलं.

"अकरा होते. आता बघायचं नाही, बदलायचं."

त्यानं स्वतःच्या फोनवर काहीतरी खालीवर केलं. "नोंदी काढल्या रात्री. आठ महिन्यांत चार नंबर चार हजार वेळा उघडलाय. एकाच फोनवरून." तिच्याकडं न बघता पुढं म्हणाला, "इतकं तर मी लग्नाआधीही कुणाला पाहिलं नव्हतं."

वॉचमन काका हसले. तिनं हसू दाबलं.

"रिळाचं काय, साहेब?"

"ते ज्यानं नेलं त्याला शोधू. तुमचं नाव मी रिळाच्या चौकशीच्या कागदावरून काढलंय." त्यानं घडीच्या शिडीकडं मान हलवली. "हा फक्त नव्या खांबाची मापं घ्यायला आलाय. चार नंबर फाटकाजवळ घेऊ. तिथं खांब बुटका लागेल, इतकं चढायला नको."

"आणि आजची बॅटरी?"

"ती तुम्हीच बदला. याला अजून शिकायचंय."

शिडीताईनं आपली जुनी शिडी टेकवली. पेटी कमरेशीच होती, बॅटरी तिनं न चढताच बदलली. पण पॅनेलवर दव होतं. तिनं फोन काढून नवऱ्याला लावला. त्याचा फोन शेजारणीकडून परत येऊन फार वेळ झाला नसेल, पण पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"चढतेय," ती म्हणाली.

पॅनेल पुसलं. वाकून भिंगाखाली पाहिलं. निळं काही नव्हतं. खाली आली, शिडी काढून खांद्यावर घेतली, आणि मगच पुन्हा फोन लावला.

"उतरले."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "सगळं नीट दिसतंय ना?"

"मला दिसतंय," ती म्हणाली. "तुम्ही चहा ठेवा."