आयींचा विद्यार्थी

पुण्यात मी चिनी भाषा निव्वळ हौसेनं शिकले होते. अमेरिकेत, कॅरीसारख्या गावात ती कामाला येईल, असं कधी वाटलं नव्हतं. नवरा रोज सकाळी रिसर्च पार्कला ड्राइव्ह करत जायचा आणि ग्रीन कार्ड येईपर्यंत मी घरातच होते. कार्ड आलं, २००५च्या सुमारास, आणि एका छोट्या कंपनीकडून मला घरबसल्या भाषांतराचं काम मिळालं. चिनी लष्कराच्या संशोधन संस्थांतले लोक तांत्रिक मासिकांत उघडपणे जे छापत, ते इंग्रजीत आणायचं. समोरच्याचं रडार आंधळं कसं करावं, त्याच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यात कसं शिरावं, आणि ही दोन्ही कामं एकदमच कशी साधावीत, असे विषय. सगळं रुक्ष, समीकरणं आणि आलेख. कुकर लावून मी त्यातली वाक्यं मनात जुळवत बसायचे.

समोरच्या अपार्टमेंटमध्ये सत्तरीच्या एक चिनी बाई नातीला सांभाळायला आल्या होत्या. चिनीत मावशीला 'आयी' म्हणतात. मी तशी हाक मारली तेव्हा त्यांनी स्ट्रोलर जागीच थांबवला. मुलगा-सून सोडून इथं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कुणी बोललंच नव्हतं.

"पुन्हा बोल," त्या म्हणाल्या. मी पुन्हा बोलले, तर माझे उच्चार ऐकून पोट धरून हसल्या.

मग आम्ही रोज तळ्याभोवती फिरायला लागलो. निवृत्तीपूर्वी त्या एका कॉलेजात रेडिओ इंजिनिअरिंग शिकवत होत्या. अडलेले शब्द मी त्यांना विचारू लागले. लेख लष्कराचे आहेत, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"छापलंय ना? मग ते सगळ्यांसाठीच," त्या म्हणाल्या होत्या.

एकदा रडारमध्ये व्यत्यय आणण्यावरचा एक लेख घेऊन मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. लेखकाचं नाव वाचून त्या चष्मा पुसायला लागल्या.

"हा माझा विद्यार्थी! डोंगरातल्या खेड्यातून आला होता. तिथं रेडिओ नीट लागायचा नाही. शिकून गावात आवाज पोचवीन म्हणायचा."

त्यांनी लेख मोठ्यानं वाचायला घेतला. एक समीकरण बोटानं दाखवत म्हणाल्या, "ही मांडणी माझी. मी फळ्यावर अशीच करायचे." चेहरा नुसता फुलला होता. शेवटच्या पानावर मात्र आवाज उतरला.

"मी त्याला आवाज पोचवायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि हा दुसऱ्याचा आवाज कसा बुडवायचा ते शोधतोय." मग विचारलं, "तुझ्या इंग्रजीत त्याचं नाव येणार?"

"लेखकाचं नाव द्यावंच लागतं, आयी."

त्यांनी पानं सारखी करून माझ्या हातात दिली. त्या दिवशी चहा प्यायचा राहूनच गेला.

चार-पाच दिवसांनी त्यांचा मुलगा दारात आला. टेलिकॉममध्ये होता, त्याचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं होतं. इंग्रजीत अगदी अदबीनं बोलला.

"आई रात्री झोपत नाही. तुम्ही वाईट काही केलेलं नाही. पण इथल्यांना वाटेल, ती तिकडच्या लष्कराची. आणि तिकडे गेल्यावर त्यांना वाटेल, ती अमेरिकेला मदत करून आली. तिला तिकडेच राहायचंय हो, पेन्शनवर. प्लीज, फिरायला नका नेऊ."

मी बरं म्हटलं.

त्यानंतर मेलबॉक्सपाशी दिसल्या की त्या नातीकडून मला "हाय" म्हणवून घ्यायच्या. स्वतः फक्त मान हलवायच्या. पानगळ सुरू झाल्यावर त्या परत गेल्या. गेल्याचं मला सुनेकडून कळलं.

मी ते काम आणखी दीड-एक वर्ष केलं. मग कंपनीनं ठरवलं, हे काम अमेरिकन नागरिकांनाच द्यायचं, आणि माझं थांबलं. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पण आम्हा दोघींना हवं असलेलं साधं बोलणं, नातीचे दात, सुनेचा स्वयंपाक, कोबीचे भाव, तेही त्या कागदांबरोबर गेलं, याची हळहळ अजून जात नाही. इथं पुष्कळ मराठी मैत्रिणी झाल्या, दिवाळीला घर भरतं. चिनी मात्र पुन्हा कुणाशी बोलले नाही. आता वाचायला घेतलं तर ओळीत दोन-तीन अक्षरं अडतात.