प्रकाशशास्त्रात नापास झालेली चष्मेवाली

चष्म्याच्या दुकानात लहानाची मोठी झालेली मुलगी कॉलेजात प्रकाशशास्त्रात नापास होते, हे कोणाला सांगून खरं वाटेल? पण झाली. भिंग झाली. भिंग हे तिचं टोपणनाव. शाळेत कोणीतरी ठेवलं आणि ते असं चिकटलं, की आता गिऱ्हाईकंसुद्धा ‘भिंगताई आहेत का?’ असं विचारत दुकानात शिरतात. आणि नापास झाली ती आळशीपणा करून नव्हे हं. आगाऊपणा करून.

झालं असं, की दुसऱ्या वर्षाला काचांचा भाग आला. ‘यात मला काय शिकवणार कप्पाळ!’ म्हणून बाईसाहेबांनी पुस्तक उघडलंच नाही. परीक्षेत गणितं आली, काचेचा नंबर काढा. हिला ती तोंडपाठ. पण दुकानात नंबर पाव-पावच्या टप्प्याने जातात. सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. मधलं काही नसतंच. तेव्हा उत्तर दोन पॉइंट दोन आलं, की ही बिनधास्त लिहिणार सव्वादोन. दोन पॉइंट दोनची काच त्यांच्या दुकानात कधी आलीच नव्हती, तर लिहायची कशाला? तपासणाऱ्याने एकजात फुल्या मारल्या. ती वाद घालायला गेली, तर त्याने दारातूनच परत पाठवली. पुढे दुसऱ्या खेपेला विषय सुटला, पदवीही मिळाली, पण गुणपत्रिका अशी, की कोणी मागितली तर आधी पाणी विचारावं, मग चहा, मग इकडचं तिकडचं बोलत बसावं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आता भिंग तिशीला टेकली होती आणि दुकानाचा अर्धा भार तिच्यावर होता. दुकान अरुंद आणि लांबुळकं. दोन्ही भिंतींना आरसे, काचेच्या कपाटांत फ्रेमांच्या रांगा, शेवटी पडद्याआड अक्षरांचा तक्ता. बाबा डोळे तपासायचे. भिंग मागच्या खोलीत काचा घासून फ्रेमेत बसवायची. गल्ल्यावर आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आणि दुकानात शेवटचा शब्द तिचा.

सगळं छान चाललं होतं. एकच गोष्ट भिंगच्या डोक्यात जायची. साध्या नंबरच्या काचा दुकानात असायच्या, पण अवघड नंबर आला की काच बाहेरगावच्या कारखान्यातून मागवायची. मग बसा वाट बघत! समोरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी दर वेळी नवी काच येईपर्यंत बोटांना सुया टोचून घ्यायच्या आणि येता-जाता दुकानाकडे रागाने बघायच्या. भिंगला वाटायचं, काचा बनवायचा छोटासा कारखाना आपणच काढला तर? काच तिला कळत होती. पण माणसं किती लागतात, माल कुठे खपवायचा, धंदा तोट्यात जातोय हे वेळेवर कसं ओळखायचं, यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते शिकायला व्यवस्थापनाच्या कॉलेजात जायचं तिने ठरवलं.

आणि जायचं तर याच वर्षी. बारीक स्क्रू बसवताना बाबांची बोटं हल्ली थरथरायला लागली होती. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, “दोन वर्षं मी आणि तुझी आत्या दुकान ओढतो. पण आत्ता जा. पुढच्या वर्षी मला विचारू नकोस, मी नाहीच म्हणेन.”

क्लास लावून तिने प्रवेश परीक्षा दिली. निकाल लागला आणि क्लासच्या सरांनी कपाळाला हात लावला. गणितात इतके गुण, की त्यांनी आकडा दोनदा वाचला. आणि उताऱ्यांच्या भागात इतके कमी, की त्यांना वाटलं निकाल दुसऱ्याच कोणाचा असावा. लेखकाला काय म्हणायचं आहे, असा साधा प्रश्न होता. हिने लेखकाचं कुठे चुकलं ते शोधून त्याप्रमाणे उत्तरं दिली होती.

“गणित डोंगरावर, भाषा दरीत,” सर म्हणाले. “आणि पदवीचं काय?”

भिंगने त्यांच्याच क्लासात त्यांना आधी पाणी विचारलं.

सरांनी माहितीपत्रकांचा एक गठ्ठा तिच्या हातात कोंबला. “उगाच आभाळाला हात लावायला जाऊ नका. जिथे मिळेल तिथे अर्ज करा,” असं बजावून त्यांनी तिला वाटेला लावलं.

दुपारी दुकानात शुकशुकाट असतो. भिंगने ती पत्रकं काउंटरवर मांडली आणि एकेक उचलून बघायला लागली. हे फक्त प्रवेश परीक्षेचं गणित बघतात, छान. हे पदवीचे गुण विचारतच नाहीत, फारच छान. हे मुलाखत घेत नाहीत. अरे वा! चांगल्या वाटलेल्या पत्रकांची चळत वाढत चालली आणि भिंगचा चेहरा खुलत गेला. आत्या गल्ल्यावर बसून सगळं बघत होती.

“हे वरचं कसलं गं?” आत्याने विचारलं.

“व्यवस्थापनाचं.”

“ते कळलं. कशाच्या व्यवस्थापनाचं?”

भिंगने पत्रक उलटून बघितलं. “हॉटेलच्या.”

“आणि त्याच्या खालचं?”

“विम्याच्या.”

“म्हणजे काचेचा कारखाना राहिला, आता तू हॉटेल काढणार?”

“आत्या, तुला त्यातलं कळत नाही. इथे माझे कमी गुण आड येत नाहीत.”

“मला कॉलेजातलं नाही कळत, पण तुझ्यातलं कळतं,” आत्याने गल्ला खाडकन बंद केला. “जाड काचेचं गिऱ्हाईक आलं की तू काय करतेस? काळी, रुंद कडांची फ्रेम पुढे करतेस, म्हणजे काचेची जाडी आत दडते. एका डोळ्याचा नंबर मोठा, दुसऱ्याचा लहान, तरी बाहेरून कोणाला पत्ता लागत नाही. अगं, तू कॉलेजं निवडतेयस की फ्रेमा?”

भिंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने पत्रकं गोळा केली, मागच्या खोलीत गेली आणि मशीन सुरू केलं. संध्याकाळपर्यंत आत्याशी एक अक्षर बोलली नाही. रागाच्या भरात एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली, ती काढून पुन्हा बसवावी लागली. पण आत्याचं बोलणं खरं होतं, तेच तर दुखत होतं. गठ्ठ्यातलं एक पत्रक तिने सकाळीच बाजूला काढून तुटक्या काड्यांच्या खणात टाकलं होतं. एका बंद पडलेल्या गिरणीच्या इमारतीत भरणारं कॉलेज. तिथे छोटे कारखाने कसे उभे करायचे आणि चालवायचे तेच शिकवत होते, विद्यार्थ्यांना वर्षभर वेगवेगळ्या कारखान्यांत पाठवत होते. तिला हवं ते सगळं तिथे होतं. पण त्यांना प्रत्येक वर्षाचे गुण हवे होते, नापास झाला असाल तर त्याचं कारण लिहून हवं होतं आणि वर समोरासमोर मुलाखत. नको रे बाबा, म्हणून तिने खण लावून टाकला होता.

तो खण तिने उघडला.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते उखडलेच. “तुमच्या त्या गुणपत्रिकेवर? एक तरी हमखासचं ठेवा हो!” त्यांचंही खोटं नव्हतं. भिंगने डोकं शांत ठेवून तीन कॉलेजं ठरवली. पहिलं गिरणीतलं. दुसरं तसंच कारखान्यांचं शिक्षण देणारं, पण लांबचं आणि नावाजलेलं. तिसरं हमखास मिळेल असं, पण निदान माल विकायचं शास्त्र तरी तिथे धड शिकवत होते. हॉटेल आणि विमा तिने सरांना परत केले.

आता घोडं अडलं ते कारण लिहिण्यापाशी. तिने लिहिलं, ‘कौटुंबिक अडचणींमुळे त्या वर्षी अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले.’ बाबांना वाचायला दिलं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“कसली अडचण? त्या वर्षी आपण सगळे ठणठणीत होतो. दुकानही जोरात चाललं होतं.”

“बाबा, असं लिहायची पद्धत असते.”

“असेल. पण तुझ्या शहाणपणाचं खापर आमच्या डोक्यावर कशाला? मी काय अडचण दिसतो तुला?”

ते खरंच दुखावले होते. भिंगला स्वतःची लाज वाटली. तिने तो कागद फाडला आणि जे घडलं होतं तेच लिहिलं. मला सगळं येतं असं वाटलं, पुस्तक उघडलं नाही, दुकानातली सवय परीक्षेत नेली आणि नापास झाले.

गिरणीतल्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. उंच छताची खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं जण. मधल्या बाईंनी कागद वाचला आणि त्यांना हसू आवरेना.

“चष्मेवाल्यांच्या घरातली मुलगी आणि नेमकी प्रकाशशास्त्रात?”

“हो,” भिंग म्हणाली. “दुसऱ्या कुठल्या विषयात झाले असते तर घरी एवढे दिवस चिडवलं नसतं.”

कडेला बसलेले गृहस्थ हसले नाहीत. “म्हणजे तुम्हाला वाटतं तेच बरोबर, असा तुमचा स्वभाव आहे. उताऱ्यांच्या गुणांतही तेच दिसतंय. कारखान्यात दुसऱ्यांचं ऐकावं लागतं. तुम्ही ऐकाल?”

हा प्रश्न भिंगला अपेक्षित नव्हता. मग ती म्हणाली, “पटकन नाही ऐकत. आधी भांडते, मग रुसते, मग ऐकते. हा अर्जसुद्धा आत्याचं ऐकून केलाय. तिच्याशी एक अख्खी दुपार अबोला धरून मग केला.”

गृहस्थांनी काहीतरी टिपून घेतलं. ते चांगलं की वाईट, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखणं कठीण होतं. घरी येईपर्यंत भिंग स्वतःला शिव्या घालत होती.

मग लांबच्या नावाजलेल्या कॉलेजचा नकार आला, दोन ओळींचा, कोरडा ठणठणीत. हमखासवाल्यांनी हो म्हटलं. सरांचा जीव भांड्यात पडला, त्यांनी फोनवर अभिनंदनसुद्धा केलं. भिंग ‘थँक्यू सर’ म्हणाली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. तिथे गेली असती तर शिकली असती, नाही असं नाही. पण मन गिरणीत अडकलं होतं. मशीनवर काच घासता घासता ती मधेच थांबायची आणि फोन बघायची. आत्या ते बघायची आणि काही बोलायची नाही. आत्याने गप्प बसावं म्हणजे बघा!

गिरणीवाल्यांचं उत्तर आलं ते भर दुपारी. बाबा एका बस कंडक्टरचे डोळे तपासत होते. त्याच्या नाकावर तपासणीची ती जड, गोल फ्रेम चढवली होती, एका डोळ्यावर झाकणी, दुसऱ्यापुढे काच. भिंग बाबांना हवी ती काच उचलून देत होती. फोनवर मेसेज आला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग काचांचा ट्रे खाली ठेवला.

“घेतलं,” ती म्हणाली. “बाबा, त्यांनी मला घेतलं. सुट्टीत भाषेचा जादा वर्ग करायचा, एवढी अट आहे.”

आत्याने गल्ल्यावरून अशी किंकाळी फोडली, की समोरच्या शिवणवाल्या वहिनी हातातलं काम टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं काच आली.

बाबा मात्र स्टुलावर खाली बसले. हातातली काच रुमालाने पुसत राहिले.

“बाबा?”

“एक सांगू? रागावू नकोस.” ते मान वर करेनात. “मला मनातून वाटायचं, त्यांनी नाही म्हणावं. रोज सकाळी शटर वर करताना वाटायचं. तू गेल्यावर मी दिवसभर भांडू कोणाशी? आत्याशी भांडून काही उपयोग नाही, ती ऐकतच नाही.”

“आहे मी इथेच,” आत्या म्हणाली.

“आणि आत्ता तू फोन बघत होतीस ना,” बाबा म्हणाले, “तेव्हा माझ्या मनात आलं, यांनी नाही म्हटलं असेल तर त्या गिरणीत जाऊन एकेकाला बदडून काढीन.”

भिंगने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“मी झाकणी काढू का?” कंडक्टरने हळूच विचारलं. सगळेच त्याला विसरले होते.

“अरे हो! काढा, काढा,” बाबा उठले. त्यांनी भिंगला दंडाला धरून त्याच्यासमोर उभं केलं. तक्ता राहिला बाजूला. “इकडे बघा. ही माझी मुलगी. कारखाना काढणार आहे. नीट दिसतेय का?”

कंडक्टरने डोळे बारीक केले. “खरं सांगू साहेब? धूसर दिसतेय.”

“मलापण,” बाबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.