कूलर निघाला, खर्रा निघेना

माझा मोठा भाऊ बोलायचा तो मान वर करून, छताकडे बघत, खालचा ओठ पुढे काढून. तोंडातला रस सांडू नये म्हणून. नागपुरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, अर्धं गाव असंच बोलतं. बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला घोटून घोटून देतो, त्याला खर्रा म्हणतात, आणि तो गालात दाबून माणसं दिवस काढतात. दादाचं महाल भागात भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक असो, फोन असो, गालात गोळा असायचाच. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आधी थुकून या, मंग बोला!" हे त्यांच्या घरातलं रोजचंच.

मागच्या वर्षी त्याची जीभ काढली. कॅन्सर. जीव वाचला, डॉक्टरांचे उपकार आहेत. पण मला दया यायच्या आधी राग आला, आणि लपवून काय करू, तो अजून गेलेला नाही. किती सांगितलं होतं या माणसाला! "काही होत नाही वं, तू काहून टेन्शन घेते," हे त्याचं उत्तर, तेही मान वर करून. ऑपरेशननंतर भेटायला येणारे तर आणखीनच धन्य. गालात खर्रा दाबून यायचे, फाटकापाशी पिचकारी मारायचे आणि आत येऊन म्हणायचे, "लई वाईट झालं गा." एकाला मी तोंडावर विचारलं, "लाज नाही वाटत?" तर म्हणे, "ताई, ज्याच्या त्याच्या नशिबाचं असते." भैताड कुठला!

दादा मोबाइलवर लिहून बोलायला लागला, म्हणजे खरं तर बोलेनासाच झाला. बाहेरगावी नोकरीला असलेल्या पोरीचा फोन आला की तो वहिनीकडे सरकवायचा. त्या पोरीचं लग्न या मे महिन्यात आहे. आमच्याकडे पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप व्याह्यापुढे हात जोडतो आणि म्हणतो, "पोरगी तुमच्या पदरात टाकली, काही चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या." आमचे वडील लवकर गेले, म्हणून माझ्या पाठवणीला हे दादानंच म्हटलं होतं. आता त्यानं मला मोबाइल पुढे करून दाखवलं, "माह्या पोरीच्या वेळी कोण बोलन?"

मी म्हटलं, "तूच बोलशील."

हे मी उगाच धीर द्यायला म्हटलं नव्हतं. मी सरकारी ऑफिसात कारकून असले तरी छंद मला कॉम्प्युटरचा. बाकीच्या बायका भिशी करतात, मी जुन्या लॅपटॉपवर फुकट मिळणारी सॉफ्टवेअर टाकून खटपट करत बसते. जाऊबाई टोमणा मारतात, "फुकट ते पौष्टिक!" लोकांना फुकट म्हटलं की ते टाकाऊच वाटतं, नाहीतर व्हायरसवालं. अरे, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे लिहितात आणि घ्या, वापरा, म्हणून देऊन टाकतात. कोणाकडे काही मागत नाहीत. आणि आमच्या दादानं स्वतःचं तोंड नासवायला रोज रोख पैसे मोजले! हे मनात आलं की डोकं फिरतं माझं.

आधी मी तयार मराठी आवाज लावून बघितला. आपण टाइप करायचं, लॅपटॉप बोलतो. दादानं "चहा दे वं" असं टाइप केलं, तर घरात असा काही गोड आवाज घुमला की वहिनी म्हणाली, "हे काय, टेसनावर गाडी येऊन राहिली का?" दादानं लॅपटॉपचं झाकणच लावून टाकलं. पाठवणीला व्याह्यापुढे तो रेल्वेची घोषणा थोडीच करणार होता.

मग मी दुसरं शोधलं. माणसाची जुनी रेकॉर्डिंग दिली की त्याच्याच आवाजात बोलायला शिकणारं सॉफ्टवेअर. तेही फुकट. हे वापरणारे लोक इंटरनेटवर एकमेकांना मदत करतात, तिथे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. ओळख ना पाळख, अशा कोणीतरी इतकं सविस्तर उत्तर दिलं की सख्खे नातेवाईक देणार नाहीत. अट एकच होती, आवाज स्वच्छ पाहिजे.

दादाचे जुने व्हॉइस मेसेज माझ्या मोबाइलमध्ये भरपूर होते. "संत्री आणली, घेऊन जाय." "भिवापूरची मिरची आली, वैनीनं तुह्यासाठी काढून ठेवली." ते साफ करायचंही सॉफ्टवेअर आहे. त्याला आधी नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा ऐकवायचा, ते तो ओळखतं आणि सगळीकडून पुसतं. मी कूलरची घरघर ऐकवली, कूलर निघाला. पंखा निघाला. रस्त्यावरचे हॉर्न, दुकानातल्या भांड्यांची खणखण, तीही बरीचशी निघाली. उरला दादा आणि त्याच्या गालातला खर्रा. प्रत्येक मेसेजमध्ये! अर्धे शब्द गिळलेले, अर्धे लाळेत बुडालेले. आता नुसत्या खर्ऱ्याचा तुकडा कुठून आणू? भातात वरण कालवावं तसा तो त्याच्या आवाजात कालवलेला होता. इतकी वर्षं बोलला हा माणूस, आणि एक वाक्य, एक वाक्य धड असू नये? मी एकटीनं लॅपटॉपसमोर बसून त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

तेव्हा आठवलं माझं लग्न. पाठवणीच्या आधी दादा मांडवामागे गेला होता, थुकून आला होता, चूळ भरून मिशा पुसल्या होत्या आणि मग हात जोडून बोलला होता. ते एक वाक्य स्वच्छ होतं. लग्नाची कॅसेट आम्ही मागेच सीडीवर उतरवून घेतली होती. लावली. पडद्यावर दादा हात जोडून उभा, ओठ हलताहेत, आणि वर गाणं! व्हिडिओवाल्यानं पूर्ण पाठवणीवर सिनेमातलं बिदाईचं गाणं चिकटवलं होतं. गाण्यातून आवाज वेगळे काढायचंही सॉफ्टवेअर असतं, तेही लावलं. गाणारी बाई वेगळी निघाली, सनई वेगळी निघाली. दादा त्यात नव्हताच. त्या शहाण्यानं त्याचा आवाज पुसूनच टाकला होता. आणि कॅसेट घरी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं, काय झकास गाणं टाकलं म्हणून!

शेवटी जे होतं तेच सॉफ्टवेअरला शिकवलं आणि रविवारी दुपारी महालात दादाच्या घरी गेले. वहिनी आत पोळ्या लाटत होती. लॅपटॉप दादापुढे ठेवला आणि रागानंच सांगून टाकलं, "आवाज तुहाच आहे, पण खर्रा नाही निघाला. नाही आवडला तर आत्ताच काढून टाकते."

त्यानं टाइप केलं. लॅपटॉप जरा अडखळला आणि मग दादा बोलला. शब्द गालात घोळवत, छताकडे बघत बोलल्यासारखा. "पोरगी तुमच्या पदरात टाकली, काही चुकलं-माकलं..."

"आधी थुकून या, मंग बोला!" वहिनी आतून ओरडली.

मग लाटणं थांबलं. ती पिठाच्या हातांनी तशीच दारात आली. तिनं दादाकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि उंबऱ्यावरच बसली. पदर तोंडात कोंबून रडायला लागली. माझं तर टाळकंच सरकलं. दादावर, त्या पानठेल्यावर, त्या व्हिडिओवाल्यावर, माझ्या या उपद्व्यापावर. "नाही पाहिजे हे असलं," मी म्हटलं, "पुसते मी," आणि लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

दादानं माझा हात धरला. दुसऱ्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यानं टाइप केलं, आणि तोंडभर खर्रा असलेल्या त्याच्या आवाजात लॅपटॉप बोलला, "राहू दे वं. वळखलं ना तिनं."