खबर न देता आलेली शांतता

नारायणगुड्याच्या कोपऱ्यावरचा तो न्हावी वस्तरा लावण्याआधी गालावर दोन बोटं हलकेच आपटायचा. म्हणायचा, "चमडी कू खबर देना पडता साब, नइं तो डरती." निजामी संस्थानाच्या त्या शेवटच्या, लढाईच्या दिवसांत रस्त्यावरून हत्यारबंद टोळ्या लॉऱ्यांतून घोषणा देत, बार उडवत जायच्या, पण त्याचा हात कधी हलला नाही.

एका संध्याकाळी सगळं एकाएकी चिडीचूप झालं आणि वस्तरा माझ्या हनुवटीवर सटकला!

"खामोशी ने खबर नइं दी, साब!" तो ओशाळून म्हणाला.

तेवढ्यात कुणीतरी ओरडत आलं, "लढाई संपली! आपण हिंदुस्थानात!"

आम्ही दोघं रस्त्यात नाचलो, मी अर्ध्या दाढीनं, फेसासकट.

हसलो की हनुवटीवरचा तो वण अजून ताणला जातो.